स्वस्त गाडी आणि बेवारस गाडी

गेल्या सप्टेंबरातली गोष्ट. जुम्याची नमाज झाली, मी चपला शोधत होतो, तेवढ्यात एका माजी विद्यार्थिनीचे वडील समोर येऊन उभे राहिले. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत घडी घातलेला कागद. म्हणाले, "सर, मराठी में एक अर्ज लिखना था."

उर्दू शाळेत मराठीही शिकवणाऱ्या मास्तराकडे हे काम न सांगता येतं. रेशनकार्डातलं नाव, जन्माच्या दाखल्यातली चूक, विजेचं वाढीव बिल, सगळ्यांचे अर्ज मी लिहिले आहेत. त्यामुळे सवयीनं विचारलं, "किसके नाम लिखना है?" ते म्हणाले, "गाडीवाले के नाम. मगर दुकानच नै है अब."

त्यांनी कागद उघडला. वर ठळक अक्षरात छापलं होतं 'एस्टिमेट'. खाली पेनानं लिहिलं होतं, 'ई-स्कूटर लाल, 1 नग, रु. 52,000'. जीएसटी नंबर नाही, चॅसिस नंबर नाही, बॅटरीचा नंबर नाही. दुकानाचा शिक्काही अर्धाच उमटलेला.

तो कागद पाहून मला घाम फुटला, कारण ही गाडी घ्यायच्या आधी हे गृहस्थ माझ्याकडेच आले होते. जुलै 2024 मध्ये. "सर, लेऊं क्या?" असं विचारलं होतं आणि मी म्हणालो होतो, "लेओ भाई, बच्ची का कॉलेज नै रुकना चाहिए." मी गाडी पाहिली नव्हती, कंपनीचं नाव विचारलं नव्हतं, एक प्रश्नही केला नव्हता. शिकलेला माणूस म्हणून त्यांनी मला विचारलं आणि शिकलेल्या माणसासारखं मी एक चांगलं वाक्य बोलून मोकळा झालो. आजचा लेख म्हणजे त्या वाक्याची भरपाई समजा.

त्यांनी ती गाडी का घेतली?

कोणी अनोळखी कंपनीची गाडी घेतली की आपण पटकन म्हणतो, "स्वस्ताच्या मागे लागला आणि फसला." मला हे पटत नाही. या माणसाचा हिशेब चुकला असेल, पण तो मूर्खपणाचा नव्हता.

गाव तालुक्यापासून 12 किलोमीटर. दहावीपर्यंत मुलीला तिचा मोठा भाऊ मोटारसायकलवर शाळेत सोडायचा. नंतर तो चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात लागला आणि मोटारसायकल घेऊन गेला. गावातून एस.टी. आहे. मुलींना पासही फुकट आहे. पण पहिली बस सव्वासहाला आणि दुसरी साडेअकराला. कॉलेज भरतं साडेसातला. म्हणजे मुलीनं पावणेसातला स्टँडवर उतरायचं आणि पाऊण तास तिथं एकटीनं बसायचं. बापाला ते नको होतं. त्यांच्या जागी मी असतो तर मलाही नको वाटलं असतं.

पेट्रोलची गाडी घ्यावी, तर मुलगी सोळा वर्षांची. त्या वयात गिअरच्या मोटारसायकलचं लायसन्स मिळत नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलानं वाहन चालवताना गुन्हा केला तर पालकाला 25,000 रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. शिवाय नावाजलेल्या कंपनीची 100 सीसी गाडी पासिंग-विमा धरून त्या वेळी 80-90 हजारांच्या घरात जात होती. हातात होते भिशीचे 40,000. बाकीसाठी फायनान्स घ्यायचं तर व्याज आलं, आणि या घरात व्याजाचा पैसा घेत नाहीत, देतही नाहीत.

अशा वेळी समोर दुकानाचा बोर्ड दिसतो: 'लायसन्स नको, पासिंग नको, पेट्रोल नको, 52,000 मध्ये घरी न्या.' एका गरीब, दीनदार आणि मुलीला शिकवू पाहणाऱ्या बापाची प्रत्येक अडचण त्या बोर्डावर सुटलेली होती. बायकोच्या कानातलं मोडून उरलेले 12,000 उभे केले आणि गाडी आली.

चौदा महिन्यांचा हिशेब

पहिले सहा महिने उत्तम गेले. मुलगी रोज 24 किलोमीटर जाऊन-येऊन करायची, रात्री गाडी चार्जिंगला लावायची. दुकानदारानं एका चार्जिंगमध्ये 60 किलोमीटर सांगितले होते, प्रत्यक्षात 45 चालायची. तक्रार नव्हती. नंतर 45 चे 35 झाले. पुढे 30. चौदाव्या महिन्यात कॉलेजहून येताना शेवटचे दोन किलोमीटर ती गाडी ढकलत आणू लागली. दोनदा भर पावसात आणली.

या गाडीत 12 व्होल्टच्या पाच लेड-ॲसिड बॅटऱ्या होत्या, म्हणजे इन्व्हर्टरला असतात त्याच जातीच्या, आकारानं लहान. ही बॅटरी रोज निम्म्याहून खाली उतरवली की साधारण वर्ष-दीड वर्षात दम सोडते. त्यात बनावटीचा दोष असेलच असं नाही, तो तिचा स्वभाव आहे. पण हा स्वभाव गाडी विकताना कोणी सांगत नाही. केंद्र सरकारनं 2019 मध्ये फेम-2 योजना आणली, तेव्हा लेड-ॲसिडवर चालणाऱ्या गाड्यांना अनुदानाबाहेरच ठेवलं होतं. त्यातून आपल्याला काही कळायला हवं होतं.

नवा सेट 19,000 रुपयांचा. आता आकडे मांडू. महिन्याला 25 दिवस, रोज 24 किलोमीटर, म्हणजे 600 किलोमीटर. 100 सीसीच्या मोटारसायकलला त्यासाठी साधारण साडेदहा लिटर पेट्रोल लागेल, म्हणजे 1,100 रुपये. ऑइल-सर्व्हिसचे महिन्याला 100 धरा. झाले 1,200. स्कूटरला दिवसाला एक-सव्वा युनिट वीज, म्हणजे महिन्याला 300 रुपये. म्हणजे महिन्याला वाचले 900. चौदा महिन्यांचे 12,600. आणि चौदाव्या महिन्यात बॅटरीचे 19,000! जे पेट्रोल वाचवायला गाडी घेतली, त्या बचतीवर आणखी 6,400 रुपये घालून बॅटरी घ्यायची. आणि ही बॅटरीही पुन्हा चौदा-पंधरा महिन्यांचीच.

हा हिशेब पाचवीच्या गणिताचा आहे. जुलै 2024 मध्ये मी तो मांडू शकत होतो. मांडला नाही.

मिस्त्री काय म्हणाला

आम्ही दोघे ती स्कूटर टेम्पोत घालून आमच्या मोहल्ल्यातल्या मिस्त्रीकडे नेली. हा माणूस तीस वर्षांपासून गॅरेज चालवतो. डोळे झाकून कार्ब्युरेटर उघडतो. त्यानं सीट वर केली, वायरींचा गुंता पाहिला आणि सीट खाली केली. म्हणाला, "सर, बॅटरी नवी डालूंगा. मगर इसका कंट्रोलर भी गरम हो रा. वो जला तो मैं कहां से लाऊं? इसके पुर्जे पे नंबरच नै है."

माझ्या मते या सगळ्या विषयाचं उत्तर त्या वाक्यात आहे. किमतीपेक्षा आधी विचारायचं ते हे: या गाडीचं एखादं अंग मोडलं तर ते कोणाकडे मागायचं?

माझ्या अब्बांकडे लुना होती. 1972 मध्ये कायनेटिकनं आणलेली ही गाडी त्या काळातली सर्वांत गरिबाची गाडी. चढावर पायडल मारावं लागायचं. मोहल्ल्यात लोक हसायचे. पण तिची केबल, तिचा प्लग, तिचे ब्रेक शू सायकलच्या दुकानातही मिळायचे, आणि ज्याच्याकडे दोन पाने असतील तो ती दुरुस्त करायचा. लुना स्वस्त होती, पण बेवारस नव्हती.

'वारिस' हा अरबीतून आलेला शब्द माझ्या दोन्ही भाषांत नांदतो. उर्दूत 'लावारिस' आणि मराठीत 'बेवारस'. वर्गात मी मुलांना सांगतो की दोन्हींचा अर्थ एकच, ज्याच्या मागे कोणी उभं नाही तो. ही लाल स्कूटर तशी होती. बनवणाऱ्याचा पत्ता नाही, विकणाऱ्यानं दुकान आवरलं, आता त्या जागी मोबाइलचे कव्हर विकतात. दुरुस्त करणाऱ्याला पुर्जा मिळत नाही आणि पुढे विकायची म्हटलं तर घेणारा नाही.

कोणी म्हणेल, नावाच्या कंपन्याही बंद पडतात. खरं आहे. कानपूरच्या एलएमएलचं काय झालं ते आपण पाहिलं. पण जी गाडी लाखांनी विकली गेली, तिचे पुर्जे कंपनी गेल्यावरही बाजार जिवंत ठेवतो. बजाजनं जुनी पेट्रोलची चेतक बंद करून पंधरा वर्षांहून अधिक काळ लोटला, तरी तालुक्याच्या गावात ती चालू करून देणारा मिस्त्री सापडतो. रस्त्यावर तुमच्यासारख्या दहा गाड्या असल्या की तुम्ही एकटे पडत नाही. अनोळखी कंपनीची गाडी घेणारा मात्र पहिल्या दिवसापासून एकटा असतो.

'पासिंग नको' म्हणजे नेमकं काय

या गाड्यांचं सर्वांत मोठं आकर्षण म्हणजे कागद लागत नाहीत. नियम असा आहे: मोटरची ताकद 250 वॅटपेक्षा कमी, वेग ताशी 25 किलोमीटरपेक्षा कमी, बॅटरी सोडून वजन 60 किलोपर्यंत, आणि पुण्याच्या एआरएआयसारख्या मान्यताप्राप्त संस्थेनं त्या मॉडेलला तसं प्रमाणपत्र दिलेलं. या सगळ्या अटी पूर्ण झाल्या तरच ती गाडी कायद्याच्या दृष्टीनं 'मोटार वाहन' ठरत नाही आणि लायसन्स-पासिंगमधून सुटते.

आता खरं सांगा, 25 च्या वेगानं चालणारी स्कूटर तुम्ही कधी पाहिली? दुकानदार हँडलजवळची एक वायर जोडून देतो किंवा एक बटण दाखवतो, आणि गाडी 45 ला पळते. गिऱ्हाईक खूश. पण त्या क्षणी ती गाडी सवलतीतून बाहेर पडते. आता ती विना नोंदणीची, विना विम्याची मोटार आहे आणि ती चालवणारी मुलगी विना लायसन्सची चालक. अल्लाह न करो, कोणाला धडक बसली तर भरपाई देणारी विमा कंपनी नाही. ती बापाच्या खिशातून जाणार, म्हणजे घरातून जाणार.

आपण कागद टाळतो ते खर्च वाचवायला. पण कागद म्हणजे फक्त सरकारला दिलेला पैसा नव्हे. अपघाताच्या दिवशी, चोरीच्या दिवशी, भांडणाच्या दिवशी तेच कागद आपल्या बाजूनं बोलतात. त्या 'एस्टिमेट'नं हेच शिकवलं. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क नाही, आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, 1915 या क्रमांकावर फोन करून सल्ला मिळतो. हक्क सगळे आहेत. पण आमच्याकडे पक्कं बिल नव्हतं आणि पैसे रोख दिलेले. मी अर्ज लिहिला, सुंदर अक्षरात लिहिला. पण पाठवायचा कोणाला, त्या जागी पत्ताच नव्हता.

थोडं आपल्या घरात डोकावून

आता जे लिहितो ते काहींना आवडणार नाही. आमच्या समाजात जहेजमध्ये गाडी देण्या-घेण्याची लागण अजून गेलेली नाही. मी अनेक लग्नं जवळून पाहिली आहेत. नवऱ्या मुलाकडून गाडीची फर्माईश येते तेव्हा कंपनीचं नाव, मॉडेल, कधी कधी रंगसुद्धा ठरवून येतो. मुलीचा बाप कर्ज काढून ती देतो. अनोळखी कंपनीची गाडी जहेजमध्ये दिलेली मी अजून पाहिलेली नाही. दिली तर वरात दारातून परत जाईल.

तीच मुलगी कॉलेजला जाणार असते तेव्हा मात्र आपण म्हणतो, "दो साल की तो बात है, सस्ती देख लो." म्हणजे जावई बसणार ती गाडी पक्की आणि लेक बसणार ती कामचलाऊ! हे मी त्या वडिलांना उद्देशून म्हणत नाही, त्यांच्या हातात जे होतं ते सगळं त्यांनी दिलं. हे मी आपल्या सगळ्यांना, स्वतःला धरून, विचारतो आहे. लग्नाच्या गाडीसाठी जी भिशी आपण पाच वर्षं आधी सुरू करतो, ती अकरावीच्या प्रवेशासाठी दोन वर्षं आधी का सुरू करत नाही?

आणि विकणाऱ्यांनाही एक सांगणं आहे. या गाड्या विकणाऱ्यांत आपलीच पोरं बरीच आहेत, धंदा करतात, चांगलं आहे. पण हुजूर सल्लल्लाहु अलैहि वसल्लमनी धान्याच्या ढिगात हात घालून आतला ओलावा बाहेर काढला होता आणि व्यापाऱ्याला सुनावलं होतं, हा प्रसंग आपण सगळ्यांनी मदरशात ऐकला आहे. 'बॅटरी वर्षभरात उतरेल' हा आजच्या ढिगातला ओलावा आहे. तो आधी दाखवा, मग विका.

मग घ्यायची की नाही?

सरसकट 'नाही' म्हणणं सोपं आहे, पण खरं नाही. आमच्या शाळेचे निवृत्त हेडमास्तर अशीच एक स्कूटर अडीच वर्षं वापरताहेत. घर ते मशीद ते भाजीबाजार, दिवसाला फार तर चार किलोमीटर. बॅटरी कधी खालपर्यंत उतरतच नाही, म्हणून टिकते. विकणारा त्यांच्या गल्लीतला आहे, पळून जाणार कुठं? बंद पडली तरी ते चालत घरी येतात. त्यांच्यासाठी तो सौदा चांगलाच आहे. चार्जिंग फक्त मोकळ्या हवेत करा, झोपायच्या खोलीत नको, कारण लेड-ॲसिड बॅटरी चार्ज होताना पेट घेणारा वायू सोडते, एवढंच मी त्यांना सांगितलं.

म्हणजे माझं मत असं: ज्या गाडीवर तुमची रोजी-रोटी, नोकरी किंवा मुलीचं शिक्षण अवलंबून आहे, ती गाडी अनोळखी कंपनीची घेऊ नका. जी बंद पडली तर फक्त गैरसोय होईल, ती घ्यायला हरकत नाही.

घ्यायचीच असेल तर पैसे देण्याआधी चार गोष्टी करा. एक, आपल्या मिस्त्रीला सोबत न्या, चहा पाजा आणि विचारा की हिचा कंट्रोलर, चार्जर, ब्रेक शू दुसरीकडे मिळतील का. दोन, चॅसिस नंबर, मोटर नंबर आणि बॅटरीचे नंबर लिहिलेलं जीएसटीचं पक्कं बिल घ्या, आणि पैसे बँकेतून किंवा मोबाइलवरून द्या. तीन, त्या मॉडेलचं प्रमाणपत्र मागा. 'मिल जाएगा' हे उत्तर चालणार नाही. चार, बॅटरीची वॉरंटी किती महिन्यांची आणि नवा सेट केवढ्याला, हे बिलावरच लिहून घ्या. यातल्या एकाही गोष्टीला दुकानदार नाखूश झाला, तर सलाम करून बाहेर पडा.

आणि ज्याच्याकडे 50,000 आहेत, वय अठरा आहे, लायसन्स आहे, त्यानं जुनी पण नावाची मोटारसायकल पाहावी. एका मालकाची, पाच-सहा वर्षं वापरलेली. तिथंही आळस नको. फॉर्म 29 आणि 30 वर सह्या घेऊन गाडी आपल्या नावावर करा. आधीचं कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म 35 घ्या. 'नाव नंतर करू' हा आपला आवडता धंदा आहे. सुप्रीम कोर्टानं 2018 मध्ये स्पष्ट केलं आहे की नोंदणीत ज्याचं नाव, अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याची. म्हणजे विकणाऱ्यालाही घाई असायला हवी. 22 सप्टेंबर 2025 पासून 350 सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्के झाला आहे, त्यामुळे नव्या साध्या मोटारसायकलचं अंतरही थोडं कमी झालं आहे. व्याज नको असेल तर भिशीचा आणखी एक फेरा थांबा, किंवा काही शहरांत बिनव्याजी कर्ज देणाऱ्या संस्था आहेत, तिथं विचारा. आपल्याकडे तशी संस्था नसेल तर ती का नाही, हाही प्रश्न मशिदीच्या कमिटीला विचारा.

त्या मुलीचं काय झालं?

बॅटऱ्या भंगारात 3,500 ला गेल्या. स्कूटर त्यांच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी आहे, तिच्यावर कपडे वाळत असतात. सप्टेंबरात मुलगी तीन आठवडे घरी होती. आईनं "अब बस हो गया, बारावी का फॉर्म बाहर से भर देंगे," असं म्हणायला सुरुवात केली होती. हे 'बाहर से' कुठं जाऊन थांबतं ते मला माहीत आहे. माझ्या तीन-चार हुशार मुली तिथंच थांबल्या.

मी हेडमास्तरांशी बोललो. आता सकाळी पावणेसातला शाळेचं वाचनालय मी उघडतो. किल्ली माझ्याकडेच आहे, घर जवळ आहे. स्टँडपासून शाळा पाच मिनिटांवर. ती मुलगी सव्वासहाच्या बसनं फुकटच्या पासवर येते, पाऊण तास तिथं अभ्यास करते आणि कॉलेजला जाते. पहिल्या आठवड्यात ती एकटी होती. आता त्याच बसनं येणाऱ्या आणखी तिघी आहेत, त्यांतली एक आमच्या शाळेची नाही. त्या येतात म्हणून शाळेच्या आयाही लवकर येऊ लागल्या आहेत.

या उपायाला एक रुपया लागला नाही. तो जुलै 2024 मध्येही उपलब्ध होता. त्या दिवशी "लेओ भाई" म्हणण्याऐवजी मी "बस कितने बजे आती है?" एवढंच विचारलं असतं, तर त्या घरातले 52,000 आणि कानातलं वाचलं असतं.

फेब्रुवारीत तिची बारावीची परीक्षा आहे. दुआ करा. आणि तुमच्याकडे कोणी गाडीचं विचारायला आलं, तर उत्तर देण्याआधी त्याला बसवा आणि त्याला जायचं कुठं आहे ते आधी विचारा.